कोथिंबिरीला एनओसी

कचरा टाकायला आपल्याकडे अर्ज करावा लागत नाही. फुटकं कमोड, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, कुणालाच नको असलेली कापसाची गादी, बाथरूम नवं केल्यावर उरलेल्या जुन्या लाद्या, हे सगळं रात्री साडेअकराला गुपचूप जाऊन कोपऱ्यावरच्या मोकळ्या भूखंडात पडतं आणि तिथे वर्षानुवर्षं सुखाने नांदतं. मालक येत नाही. महापालिका येत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून पलीकडच्या फुटपाथने जातात. पण त्याच भूखंडावर कुणी चार वाफे करून कोथिंबीर पेरू दे, आठवड्याच्या आत तीन माणसं हजर. एक म्हणतो, जागा आमची. दुसरा म्हणतो, परवानगी कुणाची घेतली? तिसरा नुसताच मोबाइलवर फोटो काढतो. तो कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही.

थोडक्यात, जमीन बेवारस असते ती घाण असेपर्यंतच. हिरवी झाली की तिला वारस फुटतात.

या पडीक जागांचं खापर 'लोकांच्या अनास्थे'वर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. अनास्थेला उगाच बदनाम करू नये. शहरातली पडीक जमीन ही मोठ्या मेहनतीने, कायदेशीर मार्गाने तयार करावी लागते. आधी शहराचा विकास आराखडा होतो. त्यात एखाद्या तुकड्यावर हिरवा रंग मारून 'उद्यान' असं आरक्षण टाकतात. नकाशात बाग फुलली! प्रत्यक्षात ती जमीन घ्यायला महापालिकेकडे पैसे नसतात, आणि आरक्षण आहे म्हणून मालकाला तिथे वीटही रचता येत नाही. मग दोघं एकमेकांकडे बघत बसतात. किती दिवस? तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यापुढच्या ठरावीक मुदतीतही महापालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. दहा वर्षांत शेवग्याचं झाड लावून, शेंगा खाऊन, आमटीत शेवगा दिसला की पोरं नाक मुरडायला लागतात, तिथवरचा सगळा प्रवास होतो.

मालकाच्या बाजूने पाहिलं तर ही दहा वर्षं तिथे कचरा असणं यासारखी सुरक्षित ठेव दुसरी नाही. कचरा वाचवायला कुणी मोर्चा काढत नाही, कचऱ्याभोवती मानवी साखळी होत नाही, कचऱ्यासाठी कुणी हायकोर्टात जनहित याचिका टाकत नाही. बागेसाठी टाकतात. त्यातून १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा. शहरात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. कायदा चांगलाच आहे, आणि म्हणूनच हुशार मालक भूखंडात वीतभर पिंपळ दिसला की तो उपटायला माणूस पाठवतो. कचरा उचलायला नाही पाठवत. कचरा वाढून मोठा झाला तरी त्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही ना.

*

हे सगळं आपल्याकडेच होतं, असा न्यूनगंड नको. सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क घ्या. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला घरमालक इमारती टाकून पळत होते, काही जण विम्याच्या पैशासाठी काडी लावत होते, आणि कर थकल्यामुळे या जळक्या जागा महापालिकेच्या गळ्यात पडत होत्या. बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर असाच एक तुकडा होता. १९७३ साली लिझ ख्रिस्टी नावाच्या चित्रकार बाईने मित्रमंडळी जमवून तिथला राडारोडा उपसला, माती ओतली, झाडं लावली. गटाचं नाव ग्रीन गुरिल्ला. जिथे कुंपण ओलांडून जाता येत नसे, तिथे ही मंडळी बिया, खत आणि ओलं पीट मॉस भरलेले फुगे बाहेरूनच भिरकावत. रंगपंचमीला आपण कमी उपयोगी फुगे मारतो.

वर्षानुवर्षं उंदीर नांदत होते तेव्हा झोपलेल्या महापालिकेला जाग आली, ती अर्थातच बाग झाल्यावर. हे अतिक्रमण आहे! बरीच हुज्जत झाली आणि १९७४ मध्ये जागा महिना एक डॉलर भाड्याने देण्यात आली. तेव्हाचे आठेक रुपये. आपल्याकडे अर्जाला लावायचा कोर्ट फी स्टॅम्पच दहाचा असतो. पुढे १९७८ मध्ये शहराने अशा बागांसाठी ग्रीनथंब हा कार्यक्रमच सुरू केला आणि पडीक तुकडे भराभर मार्गी लागले.

इथे थांबलो तर ही गोष्ट पाचवीच्या परिसर अभ्यासात खपेल. पुढचा भाग मात्र मोठ्यांसाठी आहे. वीसेक वर्षं लोकांनी खपून वस्ती राहण्याजोगी केली. वस्ती राहण्याजोगी झाल्यावर तिथे राहायला पैसेवाले आले. जमिनीला भाव आला. आणि महापौर रुडॉल्फ जुलियानी यांना एकदम आठवलं की अरे, या जागा आपल्याच की! लिलाव पुकारले गेले. जुलै १९९८ मधल्या एका लिलावात बागवाल्यांनी सभागृहात हजारो रातकिडे सोडले. बोली लावायला आलेले बिल्डर खुर्च्यांवर चढले, असं दृश्य डोळ्यांसमोर आणून मी अजून अधूनमधून खूश होतो. महापौर मात्र बधले नाहीत. ही मुक्त बाजारपेठ आहे, साम्यवादानंतरच्या युगात तुमचं स्वागत असो, अशा अर्थाचं ते बोलले. मुळ्याच्या वाफ्यात त्यांना लेनिन दिसला.

मे १९९९ मध्ये ११४ बागा एकदम लिलावात निघणार होत्या. आदल्या दिवशी तडजोड झाली. ट्रस्ट फॉर पब्लिक लँडने ६३ आणि गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांच्या संस्थेने ५१ बागा विकत घेतल्या, मिळून ४२ लाख डॉलरना. वाचल्या, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातला हिशोब अजून कळलेला नाही. शहराने टाकून दिलेली जमीन लोकांनी फुकट साफ केली, फुकट पिकवली, आणि मग ती लोकांसाठीच राहावी म्हणून लोकांच्याच देणग्यांतून शहराला पैसे मोजले. आपले जमीनदार एवढं करत नसत. ते निदान पिकाचा वाटा घेऊन थांबत.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००० मध्ये, एस्पेरान्सा नावाच्या बागेवर बुलडोझर चालला. ती वाचवायला लोकांनी कोकी या पोर्तो रिकोतल्या बेडकाचा अवाढव्य पुतळा उभारून त्याच्या पोटात रात्री जागून पहारा दिला होता. कोर्टाची स्थगिती आली, पण तोवर बाग सपाट झाली होती. स्थगिती आणि बुलडोझर यांच्या शर्यतीत बुलडोझर जिंकतो, हे ज्ञान आपल्याला परदेशातून आयात करावं लागलं नाही, एवढंच समाधान.

याच शहरातल्या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये मांडलेला एक आकडा मला या सगळ्याहून जास्त बोलका वाटतो. सामुदायिक बाग सुरू झाल्यावर पाच वर्षांत आजूबाजूच्या घरांचे भाव सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये ९.४ टक्क्यांपर्यंत चढले. किती छान! भाडेकरूने घमेली उचलायची, त्याच्या घामाने घरमालकाचा फ्लॅट वधारायचा, आणि वधारलेलं भाडं परवडत नाही म्हणून त्याच भाडेकरूने सामान बांधायचं. आपल्या बिल्डरांना हे न्यूयॉर्कचा अभ्यास न वाचताच कळलेलं आहे. गार्डन फेसिंग फ्लॅटला वेगळा दर असतो. गार्डन कुणी केलं, याचा रकाना मात्र करारनाम्यात नसतो.

*

आपली खरी कामगिरी दत्तकविधानात आहे. मुंबई महापालिकेने मैदानं आणि बागांच्या जागा संस्थांना सांभाळायला द्यायचं ठरवलं. कल्पना गोड. काही रहिवासी संघांनी खरोखर पदरमोड करून जागा राखल्या, पहाटे उठून दिवे बंद केले, झोपाळ्यांना तेल घातलं. पण काही दत्तक बाळांचं पालनपोषण फारच जोमाने झालं. बाळाला आधी कार्यालय फुटलं, मग क्लबहाऊस, मग जिमखाना, आणि मग लग्नाचा हॉल. ज्या जनतेचं बाळ, तिला भेटायला मेंबरशिप. जानेवारी २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण सभागृहात मंजूर झालं, गावभर ओरड झाली, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि दोनशेच्या वर जागा परत घ्यायचं फर्मान निघालं. ज्यांनी झोपाळ्यांना तेल घातलं होतं त्यांनी मुकाट किल्ल्या आणून दिल्या. ज्यांनी हॉल बांधले होते त्यांच्याकडे किल्ल्या चटकन सापडेनात.

दत्तकाला मुहूर्त मिळाला नाही तर वृक्षारोपण आहेच. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, मग चार कोटी, मग तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. हा शेवटचा आकडा ज्याला सुचला त्याला दाद द्यायला हवी. देव जितके तितकी झाडं. दोन्ही श्रद्धेनेच मोजायची.

आणि पाटी! आपल्याकडे बागेत सर्वांत आधी पाटी उगवते. 'संकल्पना', 'सौजन्य', 'स्थानिक विकास निधीतून', तीन चेहरे नमस्काराच्या मुद्रेत, दोन चेहरे कोपऱ्यात. पाटीला खत लागत नाही, पाणी लागत नाही, उन्हाळ्यात ती मान टाकत नाही. २०२२ पासून बऱ्याच महापालिकांत नगरसेवकच उरले नव्हते, प्रशासक होते. तेव्हाही पाट्यांवरचे चेहरे हसतच होते. 'माजी' हा शब्द एवढ्या बारीक अक्षरांत असतो की तो वाचायला वाफ्यात उतरावं लागतं.

*

या सगळ्या धामधुमीत मुंबईतला एक जुना मळा कुणाच्या लक्षातच येत नाही. तो तुम्ही रोज लोकलच्या खिडकीतून बघता. रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा, भेंडी, अळू. एक हातपंप किंवा इंजिन, एक झोपडं, बनियन घातलेला एक माणूस वाफ्यात ओणवा. ही 'अधिक धान्य पिकवा' योजनेतली शेती. रेल्वेने रुळांशेजारच्या पडीक पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी परवान्यावर दिल्या. प्रत्यक्षात कसणारे बहुतेक उत्तरेकडून पोटासाठी आलेले मजूर. रेल्वेचा फायदा असा की पीक उभं असलं की झोपड्या उभ्या राहत नाहीत. म्हणजे चौकीदार तर चौकीदार, वर तो भाजीही पिकवतो, आणि पगार मागत नाही.

सामुदायिक बागेची जी जी म्हणून लक्षणं सांगतात, ती सगळी इथे आहेत. पडीक जमीन, स्थानिक भाजी, लांबून ट्रकने यायची गरज नाही, सकाळी तोडलेला पालक दुपारी बाजारात. पण एकाही पर्यावरण पुरस्काराच्या यादीत हा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच्यावर लेख येतात ते नाल्याच्या पाण्याचे. पालकात जड धातू सापडले! सापडणारच. नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवू नये, हे शंभर टक्के खरं, मीही ती घेत नाही. पण नाल्यात ते धातू सोडले कुणी? पालकाने? शिळफाट्याला वॉशिंग मशिनचा पाइप थेट गटारात सोडणारा गृहस्थ आणि दादरला 'हा रुळावरचा तर नाही ना?' असं विचारत जुडी उलटीपालटी करणारा गृहस्थ यांच्यात पुष्कळदा फक्त रविवारचं अंतर असतं. एवढ्या वर्षांत त्या शेतीला स्वच्छ पाण्याचा एक नळ द्यावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. मळा बंद करा, हे मात्र सगळ्यांना सुचलं.

बनियनमधल्या माणसाने पिकवली तर ती नाल्यावरची भाजी. हॅट आणि हातमोजे घालून पिकवली तर अर्बन फार्मिंग, आणि मग तिच्यावर दोन दिवसांची कार्यशाळा, जेवणासह.

*

कार्यशाळेत शिकवतात ते मात्र खोटं नसतं. डेब्रिजवर माती तयार करता येते, हे आपल्याकडे कधीच सिद्ध झालंय. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून नेमकं हेच लोकांना हिशोबाने शिकवलं: पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा, रसवंतीवाल्याकडचं चिपाड, आणि अंगणात पडणारं ऊन. सूर्यप्रकाश फुकट जातो आहे, त्याची शेती करा, असं त्यांचं सांगणं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून फळझाडं आणि भाज्या उभ्या राहिल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. धारावीला लागून माहीमचं निसर्ग उद्यान आहे ना, १९९४ पासून खुलं असलेलं, ३७ एकरांचं? ते तर एकेकाळचं डम्पिंग ग्राउंड. कचऱ्याच्या डोंगरावर जंगल उगवू शकतं.

तेव्हा मातीचा प्रश्न सुटलेला आहे. माणसांचा राहिला आहे.

सोसायटीशेजारच्या भूखंडावर बाग करायचं ठरतं. पहिल्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप होतो. ग्रुपवर सव्वाशे, खुरप्यावर चार. पहिली सभा बागेला नाव काय द्यायचं यावर संपते, दुसरी नावातल्या वेलांटीवर. निवृत्त बँक मॅनेजर वाफ्यांचं एक्सेल शीट करतात, त्यात वांग्याला डेबिट-क्रेडिट असतं. एक काकू म्हणतात, शास्त्राप्रमाणे बेल आणि रुद्राक्षच लावा. एक नवविवाहित जोडपं लेट्यूस लावून गोव्याला जातं. पहिले टोमॅटो लाल होतात, आणि पहाटे पाचला फिरायला येणारे, ज्यांनी आजवर एक बादली पाणी घातलेलं नाही, ते 'पडलेले होते हो' असं म्हणत पिशवी भरतात. मग भांडण. मग कुलूप. मग किल्ली कुणाकडे यावर भांडण. मग मे महिना, टँकर चालू, आणि पिण्याचं पाणी झाडांना घालता का, असा चौथ्या मजल्यावरून खणखणीत सवाल. सवाल करणाऱ्यांची गाडी खाली पाइप लावून धुतली जात असते.

शेवटी एक माळी ठेवतात. तो वाफे करतो, कीड वेचतो, पाण्याची पाळी सांभाळतो. या 'समुदायात' कामाला हात लावणारा तो एकटाच सदस्य, आणि ग्रुपवर नसलेलाही तो एकटाच. बहुधा रुळाशेजारून उठून आलेला.

परवानगीचं म्हणाल, तर ती झटपट मिळते ती पोटाला चिमटा बसल्यावर. सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि खत यायचं थांबलं, तेव्हा हवानात मोकळ्या जागा लोकांना कसायला देताना क्युबाच्या सरकारने सात टेबलं फिरवली नाहीत. पोट भरलेल्या शहरात मात्र नियम आठवतात. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी २०१० मध्ये घरासमोरच्या रस्त्याकडेच्या पट्टीत भाज्या लावल्या. पट्टी शहराच्या मालकीची, निगा राखायची घरवाल्याने. तिथे कचरा साठत होता तोवर सगळं सुरळीत होतं. भाजी आली, नोटीस आली. नियम बदलायला पुढे काही वर्षं जावी लागली.

आपल्याकडे नियम बदलेपर्यंत थांबायचं नसेल तर काही गोष्टी पाळाव्यात. आंबा, फणस, चिंच यांच्या भानगडीत पडू नका. मोठं झाड दिसलं की मालकाला १९७५ आठवतं आणि तो कुंपण घालतो. वेल मांडवावर चढवू नका. मांडव म्हणजे बांधकाम. भेंडी लावा. भेंडी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत तोडणीला येते. तेवढ्या वेळात तुमच्याविरुद्धची तक्रार उद्यान विभागातून मालमत्ता विभागात पोचलेली असते, आणि नगररचनेचा शेरा अजून बाकी असतो. तो येईपर्यंत मेथीचं एक पीक निघतं. अतिक्रमणवाले गाडी घेऊन येतील तेव्हा जमीन नांगरून रिकामी असेल. त्यांना पंचनाम्यात लिहायला काही सापडणार नाही.

माळ्याला ग्रुपवर घ्या. पाटी लावू नका, स्वतःचीही नाही. आणि माननीय नगरसेवक बघायला आलेच, तर त्यांना भेंडी द्या. पाव किलोच द्या. जास्त दिलीत तर उद्घाटनाची तारीख देऊन जातील.